जांभळा स्वेटर कुणाचा

माझी वहिनी स्वतःसाठी स्वेटर विणायला बसली तेव्हा मी मराठीसाठी भांडत होते. मराठी की कोकणी, हा राजभाषेचा वाद घरोघरी शिरला होता, गोव्याचं राज्य होणार म्हणून आणखी तापला होता. मी पत्रकं लिहायची, पेडण्यापासून फोंड्यापर्यंत सभांना जायची आणि घसा बसवून डिचोलीला घरी यायची. तर ही बाई पडवीत पाय पसरून बसलेली. मांडीवर जांभळी लोकर, आणि तोंडावर दूध पिऊन आलेल्या मांजराचं सुख.

मला ते सुख बघवत नसे. स्पष्टच सांगते. आम्ही जनतेसाठी उन्हात मरायचं आणि हिने सावलीत बसून उलटा-सुलटा टाका घालायचा?

सुनेच्या हातात लोकर दिसली की आमच्या वाड्यावर एकच अर्थ निघतो. शेजारणीने आंबाड्याचं लोणचं धाडलं. आई तिला घागर उचलू देईना. वहिनीने लोणचं चाटूनपुसून संपवलं. पण स्वेटरच्या पाठीचा भाग वाढत वाढत सुपाएवढा झाला, तशी शेजारीण बावचळली.

"काय गो, पोर दाढी घेवनच येतला काय?"

"पोर नाय, मावशी. ह्यो माझो."

आई आतून तरातरा आली. दादा खाणीवर ट्रक चालवायचा, पहाटेच्या धुक्यात निघायचा.

"तुझो? आणि सकाळी कुडकुडत जाता तो कोण?"

"त्यांका दोन विणून दिलंय, आई."

"घोव सोडून आपणाक विणतली बायल पयलीच बघतंय! उसव तो. त्याच्या मापाचो घाल."

मी सरसावले. हक्क, अन्याय, सगळे शब्द जिभेवर तयार होते. पण वहिनीने मान वर केली नाही.

"जरा थांबा आई, टाके मोजतंय. चुकलंय तर परत पयल्यापासून."

आणि ती मोजत राहिली. आई उभी राहून राहून कंटाळली आणि आमटी बघायला गेली. बस्स. ना मोर्चा, ना निवेदन. मागणी मान्य! आम्ही एवढा घसा फोडतो, आम्हाला कोणी दारात उभं करत नाही. मी जळून कोळसा झाले.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून मी हिरवी लोकर आणली.

"वन्सं, टाके घालून दिऊ?" वहिनी म्हणाली.

"नको. माझे माका येतत."

येत नव्हते. पहिल्या ओळी इतक्या उसवल्या की लोकरीला केस फुटले. पण मग एका संध्याकाळी सुया आपोआप चालू लागल्या. पत्रक हजारांसाठी लिहावं लागतं, त्याला दहाजण कात्री लावतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधून मिळतात. हा स्वेटर एकाच अंगासाठी होता, आणि ते अंग माझं. काखेत किती सैल, गळा किती खोल, कोणाचा ठराव नाही, कोणाची दुरुस्ती नाही. बसमध्येही मी विणायची. कार्यकर्ते हसायचे. हसोत. बोटांतून लोकर सरकायची आणि दिवसभर आवळलेले दात सुटायचे.

स्वेटर पुरा करून अंगात घातला तेव्हा डावी बाही उजवीपेक्षा लांब निघाली. वहिनीचा जांभळा तर दुकानातल्यासारखा नेटका. मी तिच्या बाहीकडे बघून पुन्हा जळतच होते, पण तिचे डोळे माझ्या पोटाशी अडकले होते. तिथे मी खिसा विणला होता. चांगला खोल, दोन्ही हात घालता येतील असा.

"ह्या कसा सुचला तुमका?" तिने बोट आत घालून पाहिलं. मग सगळा पंजा. "वन्सं, एकदा घालून बघू?"

मी तिचा हात खिशातून बाहेर काढला.

"नाय," मी म्हटलं. "ह्यो माझो."