मावशीचं लाटणं

अमरावतीच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरींच्या आखडलेल्या पोटऱ्यांवर एक मावशी रोज सकाळी लाटणं फिरवते. मी तिथं चालायला जाते. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही.

धावून आलेली पोर मटकन बसली की ती खेकसते, "बसू नको! दोन चकरा हळू चाल, मंग ये." लाटणं मात्र घोट्याकडून वर, फुलक्यावर फिरवावं तसं हलकं.

पाय उचलत नाहीत म्हणून गेल्या वर्षी सराव सोडायला निघालेली एक पोरगी परवा वर्दीत आली. मावशीच्या पाया पडायला वाकली.

"मंग पडजो. आंधी चालून दाखव."

पोरगी ताठ चालत गेली. सगळे वर्दी पाहत होते. मावशीनं लाटणं पदरानं पुसलं आणि मला म्हणाली, "पाह्यले? माह्या हातचे पाय हायेत ते!"