मंसूरचाचांच्या डोक्यातली मापं

जव्हारच्या बाजारात मंसूरचाचांचं शिलाईचं दुकान होतं. एक मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, एवढंच त्यात मावायचं. १९७९ साली लग्न होऊन मी इथं आले, तेव्हा सासूबाई मला तिसऱ्याच दिवशी तिथं घेऊन गेल्या. चाचांनी टेप लावली, आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटले आणि टेप गळ्यात टाकली.

"लिहून नाही घेत?" मी विचारलं.

"का? मी काय विसराळू आहे?"

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

खरंच विसरत नसत. पोशेरा गावची नवशी वर्षातून एकदाच यायची, भात झोडून झालं की. ती दारात दिसली की चाचा म्हणायचे, "लेकरू झालं वाटतं? गेल्या सालापेक्षा दोन बोटं जास्त सोडतो." नवशी तोंडाला पदर लावून हसत सुटायची. तेव्हा दुकानात बसून असं ऐकण्यात माझ्या किती तरी दुपारी गेल्या असतील. घरी मी सांगायचे, ब्लाउज झाला नव्हता.

२००१च्या दिवाळीला त्यांनी शिवलेला ब्लाउज मी घालून बघितला, तर हात बाहीत कोपरापर्यंतही शिरेना. गेले तशीच परत.

"असं कसं?" चाचा म्हणाले. "छाती बत्तीस, बाही साडेनऊ. तुमचं माप मला पाठ आहे, सूनबाई."

पाठ होतंच. पण ते नव्या नवरीचं. तीन दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः अडतीसची टेप धरली होती, ते माप त्यांच्या डोक्यात कुठंच उरलं नव्हतं.

"चाचा, तुम्ही मला पुन्हा एकवीस वर्षांची केलीत की!" मी हसले. ते हसले नाहीत. ब्लाउज उलटा करून शिवण बघत राहिले.

पुढच्याच आठवड्यात त्यांची बायको, खैरुनचाची, माझ्या ओट्यावर येऊन बसली. "बेटी, तू कॉलेज शिकलेली. नाशिकच्या डॉक्टरकडे चल. ते बोलतील, ते मला सांग."

मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. डॉक्टरांनी असिटिलकोलीन म्हटलं, तेव्हा त्याची रचनासुद्धा डोळ्यांपुढं आली. पण परतीच्या एस.टी.त, चाचा खिडकीशी डुलकी घेत असताना, ते चाचीला कसं सांगायचं?

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ना, त्यासाठी एक रसायन लागतं. वय वाढतं तसं ते थोडं कमी होतंच, पण चाचांच्या आजारात ते बनवणाऱ्या पेशीच मरत चालल्यात. म्हणून नवं काही टिकत नाही. जुनं मात्र पक्कं आहे. हाताची सवय तर मेंदूच्या दुसऱ्याच भागात असते."

चाची म्हणाली, "म्हणजे मशीन चालतंय, कापड सरकतंय, आणि खाली दोऱ्याची बॉबिन रिकामी."

"पार रिकामी नाही. संपत आलीय."

"मग डॉक्टरनं दिलेली ही गोळी नवी बॉबिन का?"

"नाही हो. आहे तो दोरा जरा पुरवून वापरायचा, एवढंच."

"तेवढं तर तेवढं," चाची म्हणाली आणि चाचांच्या गळ्याचा मफलर नीट केला.

पुढच्या मे महिन्यात चाचांच्या नातीचं, आफराचं लग्न ठरलं. तिचा शरारा आपणच शिवणार, असं चाचा ती पाळण्यात असल्यापासून सांगत आलेले. कापड भिवंडीहून आणलेलं, जरीचं, जेमतेम पुरेल एवढंच. आफराचा बाप बासित म्हणाला, "अब्बा, नाशिकला देऊ. एकदा कात्री चुकली तर संपलं."

चाचांनी दुकानाला कुलूप लावलं, किल्ली बासितच्या हातावर ठेवली. दोन दिवस जेवले नाहीत.

मी म्हटलं, माप चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचू. चाचा उखडले. "चिठ्ठी वाचून मी नातीचे कपडे शिवू?"

तेव्हा आफरानं बापाच्या हातातली किल्ली घेतली, दुकान उघडलं आणि स्टुलावर जाऊन बसली. "दादाजान, मी इथंच बसते. माप गेलं की पुन्हा घ्या."

चाचा टेप लावायचे, टेबलाशी जायचे, खडूची एक रेघ ओढायचे आणि थांबायचे. मग परत. मी दारात भाजी निवडत बसले होते, अकरा वेळा मोजलं.

"कुणाच्या घरची, बेटी?" ते मधेच विचारायचे.

पहिल्यांदा आफराचे डोळे भरले. चौथ्यांदा ती म्हणाली, "मंसूर टेलरच्या घरची."

"अरे बापरे! मग सांभाळून कापायला हवं."

कात्री लागली तेव्हा मात्र हात एकदाही थांबला नाही. सरळ, सपासप, मी १९७९ साली बघितलेला तसाच.

बासित बाहेर उभा होता. कधी आत आला कळलं नाही. आफराला उठवून तो स्वतः स्टुलाशी सरळ उभा राहिला.

"अब्बा, लग्नासाठी माझाही सदरा शिवायचाय."

चाचांनी त्याच्या पोटाला टेप लावली. "श्वास सोड," ते म्हणाले. "पोट आत ओढलंस तर माप खोटं येतं."