चौथ्या तासाच्या मराठीला कोण येत होतं?

शाहीन मुलाणी, नववी-ब. अन्याय तिच्यावर झाला, आणि तो गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी, चौथ्या तासाला झाला. तिला आणि मराठीच्या बाकीच्या चार मुलांना सांगण्यात आलं की देसाई बाई रिटायर झाल्या, नवीन कोणी मिळणार नाही, तेव्हा "बेटा, संस्कृत ले लो." संस्कृत ही मुलं कधी शिकलेली नाहीत. पुढच्या वर्षी दहावीला पेपर त्यांनी त्याच भाषेचा द्यायचा. शाहीन मराठीत वर्गात पहिली येते. संस्कृतमध्ये ती नापास होईल, आणि शिक्का तिच्यावर बसेल, शाळेवर नाही.

हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून लोक नेमकं हेच विसरतात.

भुतंखेतं मी मानत नाही. 'मानत नव्हते, पण त्या दिवसानंतर...' असलं काही माझ्याकडून येणार नाही. मेट्रोच्या एक्झिटपाशी उभं राहून बाबा-बुवांविरुद्ध पत्रकं वाटलेली मुलगी आहे मी. लोक ती पत्रकं पुढच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकतात, मी वेचून पुन्हा वाटते. त्यामुळे मला घाबरवणं सोपं नाही, एवढं गृहीत धरून वाचा.

शाळा सरकारी, आर. के. पुरमच्या बाजूची. नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिलं की चौकशी शाळेची न होता माझीच होईल. मी तिथेच बारावीपर्यंत शिकले. सरकारी क्वार्टर्स उभी राहिली तेव्हा ही शाळा तंबूत भरायची असं बाबा ऑफिसातल्या जुन्या लोकांकडून ऐकून सांगतात. नंतर बराकी आल्या, मग आजची दुमजली पिवळी इमारत. आईबापांच्या बदल्या देशभर व्हायच्या, म्हणून शाळेत तमिळ, बांगला, तेलुगू, मराठी सगळ्यांचे तास असायचे. चौथा तास लागला की एकाच व्हरांड्यात चार भाषा ऐकू यायच्या. सायन्स एक्झिबिशन, खो-खोची टीम, एनसीसी, सव्वीस जानेवारीला आमचं लेझीम... पंजाबी मुलीसुद्धा लेझमात असायच्या, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा चांगल्या नाचायच्या. मग एकेक भाषा बंद झाली. आधी तेलुगू, मग बांगला, मग तमिळ. दर वेळी शिक्षक रिटायर झाला आणि जागा भरली नाही. आवाज कोणी केला नाही. या वेळी मी ठरवलं, करायचा.

पत्रकं वाटणाऱ्या आमच्या ग्रुपची मोहीम साधी होती — 'रिकामी खुर्ची'. ज्या वर्गात शिक्षक नाही तिथल्या खुर्चीचा फोटो काढायचा, खाली विषय लिहायचा, आणि पत्रक छापायचं. मराठीच्या खुर्चीचा फोटो काढायला मी नोव्हेंबरच्या शेवटी एका गुरुवारी शाळेत गेले. जुनी विद्यार्थिनी म्हणून गेटवर कोणी अडवलं नाही.

दिल्लीतल्या शाळांची एक रीत माहीत नसेल तर सांगते. थंडी सुरू झाली की वर्ग उन्हात बसतात. चौथ्या तासाला मराठीची मुलं सायन्स लॅबच्या मागे, सातविणीच्या झाडाजवळ, सतरंजीवर बसलेली मला दिसली. आणि समोर खुर्चीवर बाई होत्या.

मला काय वाटलं असेल? राग आला. हल्ली राहते त्या गुरुग्रामहून मेट्रो बदलून, त्या घाण हवेत मास्क लावून मी रिकामी खुर्ची बघायला आले होते, आणि ती भरलेली.

दुसरी एक रीत. कोणी शिक्षक आला नाही की त्याच्या तासाला दुसऱ्या कुणाला पाठवतात, त्याला दिल्लीत 'अरेंजमेंट' म्हणतात. कोणी कुठे जायचं ते सकाळी स्टाफरूमच्या फळ्यावर लिहितात आणि दुपारी पुसतात. मला वाटलं, झालं, गणिताच्या कुणालातरी बसवलंय. मुलं गप्प राहावीत एवढ्यासाठी.

पण त्या शिकवत होत्या.

क्रीम रंगाचा स्वेटर, साडी, मांडीवर हात. निबंध चालला होता, विषय 'सकाळ'. पुस्तक नाही, फळा नाही. त्या एकेकाला विचारत होत्या की तुझ्या गावची सकाळ कशी असते, आणि मुलं सांगत होती. अमरावतीकडचा प्रणय — वडील इथल्या केंद्राच्या मंत्रालयात, एरवी तोंडातून शब्द निघत नाही असा मुलगा — तो संत्र्याच्या बागेतल्या धुक्याबद्दल बोलत होता, आणि बाकीची ऐकत होती. मी सतरंजीच्या टोकाला बसले. बसायचं ठरवलं नव्हतं.

ऊन होतं, पण कसं सांगू... दिल्लीच्या हिवाळ्यात ऊन धुरातून येतं, मळकं असतं. ते तसं नव्हतं. ते सगळीकडून सारखं येत होतं आणि कुणाचीही सावली लांब पडत नव्हती. सातविणीचा तो जड वास, जो मला एरवी डोकेदुखी देतो, तो लांबून कुठून तरी आल्यासारखा. मागच्या रिंग रोडचा हॉर्न ऐकू येत नव्हता. हे मला तेव्हा जाणवलं नाही. घरी आल्यावर जाणवलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू कुठली गं?"

म्हटलं, मी इथलीच, दिल्लीची. आमचं गाव वगैरे काही उरलेलं नाही.

"अच्छा. मग दिल्लीची सकाळ सांग. चलो."

मी सांगायला लागले. दुधाच्या बूथवर टोकन घेऊन उभं राहणं, बाबांची स्कूटर थंडीत सुरू न होणं, आईनं खिडकीतून ओरडणं. एवढंच सांगणार होते. पण मी बोलतच गेले, आणि माझ्या तोंडून असे शब्द यायला लागले जे मी वापरत नाही. दहिवर म्हणाले मी. झुंजूमुंजू म्हणाले. आमच्या घरी हे शब्द कोणी बोलत नाही. दवाला आई 'ड्यू' म्हणते, बाबा 'ओस' म्हणतात. मला त्यांचा अर्थ माहीत होता हेच मला माहीत नव्हतं. शाहीन माझ्याकडे बघून हसली, जणू मीच उशिरा ॲडमिशन घेतलेली मुलगी.

तास संपायला हवा होता, संपत नव्हता. मला संपायला नकोही होता, हे लिहायला लाज वाटत नाही. मग घंटा झाली, तीही मंद, आणि मुलं सतरंजी गुंडाळायला लागली. बाई ऑफिसच्या बाजूला निघाल्या. मी मागे गेले, सरळ विचारलं की तुमची नेमणूक झाली आहे का, नाव काय, पत्रकात लिहायचं आहे.

त्या हसल्या. "नाव कशाला? अरेंजमेंटवर आहे मी."

व्हरांड्याच्या वळणावर त्या वळल्या. मी दोन पावलं मागे होते. वळणापलीकडे एक खांब आणि कुलूप लावलेला एनसीसीच्या खोलीचा दरवाजा, एवढंच. म्हटलं, वेगानं चालतात.

खरी गंमत शाळा सुटल्यावर गेटबाहेर झाली. मुलांना मी छोले-कुल्चे खायला घातले आणि विचारलं, या बाई कुठल्या? शाहीन लगेच म्हणाली, मंगळवेढ्याच्या. "दीदी, पक्कं. माझी दादी बोलते तसंच बोलतात. मला म्हणाल्या, 'अशी का बघालाईस गं?'"

प्रणय घास तोंडात ठेवून म्हणाला, "काहीतरीच. त्या आमच्याकडच्या हायेत. मला म्हणे, 'काहून चूप बसला रे?' मंगळवेढ्याचं कोणी 'काहून' म्हणते का?"

"तुला ऐकू कमी येतं."

"तुलाच जास्त येते."

बाकीच्यांनी आपापलं गाव सांगितलं. एकाचं मालवण, एकीचं नांदेड. भांडण चांगलंच पेटलं, आणि मी कुल्चा हातात धरून उभी. कारण मी जे ऐकलं होतं त्यात ना मंगळवेढं होतं ना वऱ्हाड. ते आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टर्समधलं मराठी होतं. 'अच्छा', 'चलो' घातलेलं. माझ्या आईचं.

पाच मुलं आणि मी, एकाच सतरंजीवर, एकच बाई.

मी उपप्राचार्यांकडे गेले. ते मला ओळखतात, प्रेमानं 'नेताजी' म्हणतात, चिडवतात. म्हणाले, "अरेंजमेंट चल तो रही है, अब आपको क्या दिक्कत है?" कोणी पाठवलं? ऑफिसनं पाठवलं असेल. ऑफिसात विचारलं तर म्हणे हिंदी विभागानं. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, आम्ही समजलो वरून गेस्ट टीचर आली. सगळ्यांनी बाईंना पाहिलं होतं, दोघांनी नमस्तेही केलं होतं. नाव कुणालाच माहीत नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं पाठवली.

मग मी देसाई बाईंना फोन केला. त्या आता रत्नागिरीला असतात. मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "मी रजेवरून परत आले की मुलं एक धडा पुढे गेलेली असायची. मला वाटायचं, ऑफिसनं कुणाला तरी पाठवलं."

तुम्ही विचारलं नाहीत?

"विचारलं असतं तर पुढची रजा मिळाली असती का गं?"

आता माझा संताप ऐका. आम्ही तक्रार आधीच दिली होती, त्यामुळे डिसेंबरात तपासणीला एक साहेब आले. त्यांनी मुलांना प्रश्न विचारले. मुलांनी धडाधड उत्तरं दिली, देसाई बाईंनी न शिकवलेल्या धड्यांचीसुद्धा. शाहीननं 'सकाळ' निबंध असा सांगितला की साहेबांनी, ज्यांना मराठी येत नाही, टाळ्या वाजवल्या. कोण शिकवतं? मुलं म्हणाली, मॅम. साहेब खूश. शेरा पडला की अध्यापन सुरळीत चालू आहे, नवीन शिक्षकाची गरज नाही.

म्हणजे जिचं नाव नाही, नेमणूक नाही, जी कुणाला वळणापलीकडे सापडत नाही, तिनं सरकारचं काम करून दिलं आणि सरकारनं त्याच जोरावर जागा गिळली. त्या रात्री मला बाईंचा भयंकर राग आला. कशाला आलात? वर्ग रिकामा असता तर निदान फोटो तरी मिळाला असता. मग आठवलं, प्रणय किती बोलत होता... आणि राग कुणावर धरावा ते कळेना.

जानेवारीतल्या धुक्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. मुलं सतरंजी घेऊन लॅबच्या मागे जाऊन बसली. बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मुलं अजूनही चौथ्या तासाला तिथे बसतात. शाळेनं शाहीनला सांगितलं आहे की वार्षिक परीक्षेआधी भाषा बदलून टाक. शनिवारी मी शाहीनच्या क्वार्टरमध्ये जाऊन मुलांना शिकवते. माझ्या मोडक्या मराठीत. परवा शाहीननं मला 'उजाडणे' आणि 'फटफटणे' यातला फरक विचारला. मला नाही सांगता आला. ते उन्हातले शब्द त्या दिवशी आले तसे गेले, पुन्हा बोलावून येत नाहीत.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. सामूहिक भास म्हणा — मग न शिकवलेले धडे मुलांना आले कुठून? कुणी हौशी बाई भिंत ओलांडून येत होत्या म्हणा — मग सहा जणांना सहा गावं कशी ऐकू आली? मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला. तुमच्याकडे उत्तर असेल तर खाली लिहा, पण ते नंतर.

आधी हे करा. दिल्लीत राहत असाल आणि मराठी वाचता-लिहिता येत असेल, तर मला मेसेज करा, मी शाळेचा पत्ता देते. येत्या सोमवारी शाळा भरायच्या वेळी गेटवर या. आपण सगळे मिळून प्राचार्यांकडे जाऊ आणि दोन गोष्टी मागू — शाहीनची भाषा बदलायची नाही, आणि मराठीची जागा भरायची. 'अंगावर काटा आला' अशी कमेंट टाकून पुढच्या भुताच्या अनुभवाकडे जाऊ नका. बाई येतील की नाही मला माहीत नाही. तुम्ही या.