मेंदूरोगांच्या यादीतलं पुस्तक

राज्यभरातल्या ग्रंथालयांची एकत्र यादी आमच्या कॉम्प्युटरवर दिसायला लागली, तेव्हा पंचायतीनं ती बातमी लाउडस्पीकरवरून गावाला सांगितली. कुठल्याही जिल्ह्यातलं पुस्तक शोधा, मागवा, पंधरा दिवस ठेवून घ्या. आमचं गाव कानडी मुलखातलं, खजुरीच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. ग्रंथालय म्हणजे एक खोली, चार कपाटं, दोन बाकं आणि मी. आठवडाभर कुणीच काही मागवलं नाही. मग एका सकाळी ती आली.

सत्तरीच्या घरातली, उंच, ताठ बाई. दारात चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. गावाच्या वरच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्यांची दहाबारा घरं आहेत. त्यातले बहुतेक आता दुसऱ्यांच्या रानात कामाला जातात. हिनं मात्र अजून वीसेक मेंढरं सांभाळली होती. रस्त्यानं जाताना दिसायची, बोलणं कधी झालं नव्हतं.

"म्याडम, हितं समद्या राज्यातली पुस्तकं दिसत्यात म्हणं. खरं हाय का?"

"व्हय अक्का. कोणतं पायजे?"

"माझ्या बापाचं."

तिच्या बापानं पुस्तक लिहिलंय असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. ती सहासात वर्षांची असताना गावात जनावरांचा डॉक्टर यायचा, उदगीरकडचा, मराठी बोलणारा. तिचा बाप मेंढरांवर औषध करण्यात जाणता होता. डॉक्टर त्याच्याबरोबर रानोमाळ फिरला, सगळं विचारून वहीत उतरवून घेतलं, आणि एक दिवस कॅमेरा आणून बापाचा फोटो काढला. पुढं त्यानं पुस्तक छापलं, त्यात तो फोटो आहे असा निरोप पाठवला. पुस्तक पाठवतो म्हणाला होता, ते आलं नाही. डॉक्टरची बदली झाली. चारपाच वर्षांनी मेंढरं घेऊन बाहेर गेलेला बाप ताप येऊन वाटेतच गेला, आणि त्याला तिकडंच माती दिली.

"घरात त्येचा एक बी फोटो न्हाई," ती म्हणाली. "मला आवाज आठवतो त्येचा, खाकरणं आठवतं. तोंड आठवंना झालंय. डोळे मिटले की दुसऱ्याच कुणाचं तोंड येयलंय."

पुस्तकाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टरचं नाव विचारलं तर "डागदर साब" एवढंच.

मी तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं. वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

माझं शिक्षण हळ्ळीखेडला कन्नड शाळेत झालं, घरात मराठी. दोन्ही लिपींत मेंढी, शेळी, पशुवैद्य, जनावर, गावठी औषध, जे सुचेल ते घालून पाहिलं. इंग्रजी अक्षरांतही पाहिलं. कन्नड पुस्तकं भरपूर निघाली, पण ती सगळी अलीकडची. मराठी एकही नाही. दोन दिवसांनी ती आली, मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "बरं, उद्या येते." आणि खरंच दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही. मेंढरं शाळेमागच्या पडीकात सोडायची, खिडकीशी येऊन उभी राहायची, माझ्याकडं न बघता विचारायची, "हाय का काय?"

माझा स्वभाव मुळातच अस्वस्थ. एखादी गोष्ट अडली की खपली काढत बसल्यासारखी मी तिच्याकडं जाते. भाकरी तव्यावर टाकून मोबाईलवर ती यादी उघडायचे. नवरा म्हणाला, "भाकरी करपायलीय, कामून त्या मोबाईलात बसलीस?" मी तवा उतरवला आणि पुन्हा मोबाईल घेतला.

मग एक दुपार अशी आली की मी सहज आमच्याच ग्रंथालयाची नोंद उघडून पाहिली. वर्षापूर्वी सगळी पुस्तकं यादीत चढवा म्हणून वरून आदेश आला होता, मुदत जवळ होती. आमच्याकडची शेदीडशे मराठी पुस्तकं मी दोन दुपारांत उरकली होती. नावं नीट टाइप करण्याऐवजी 'मराठी पुस्तक, गोष्टी', 'मराठी पुस्तक, शेती', पुढं नंबर. लेखकाच्या रकान्यात रेघ. राज्यातल्या कुणालाही ती पुस्तकं कधी सापडली नसती. कुणी मागितली नाहीत याचं वर मीच नवल करत होते.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. मी नीट शोधत होते, म्हणून मला सापडत नव्हतं. शोधायला हवं होतं ते माझ्यासारख्याच घाईत असलेल्या, मराठी न येणाऱ्या माणसाच्या डोक्यानं. तो माणूस मुखपृष्ठाकडं बघतोय, अक्षरं लावतोय, इंग्रजीत टाइप करतोय. ढ कुठं, द कुठं. मी मुद्दाम चुका करायला लागले. चौथ्या की पाचव्या चुकीला एक ओळ आली. इंग्रजी अक्षरांत 'मेंद्यांची दुखणी'. विषय: मेंदूरोग. लेखक: वैद्य, पशु.

मी एकटीच मोठ्यानं हसले. बाकावर अभ्यास करणाऱ्या मुलीनं मान वर करून पाहिलं. 'मेंढ्यांची दुखणी', लेखकाच्या नावाखाली पशुवैद्य लिहिलेलं असणार, आणि कन्नडमध्ये मेंदूला मेदुळु म्हणतात, त्यामुळं कुणीतरी मेंढ्यांचा मेंदू केला, पशुवैद्याचं नाव-आडनाव केलं. सबंध राज्यात एकच प्रत, दक्षिणेकडच्या एका जिल्ह्याच्या गावात.

ती खिडकीशी आली तेव्हा मी म्हणाले, "अक्का, घावलं." तिनं खिडकीचा गज धरला. मग विचारलं, "किती लांब हाय?"

"लई लांब. पण येईल."

मागणी केली. 'विनंती पोचली' असं पडद्यावर आलं, आणि तीन आठवडे तेवढंच राहिलं. रोज सकाळी कुलूप काढलं की मी आधी तेच बघायचे. शेवटी फोन केला. तिकडच्या बाई कन्नडमध्ये बोलल्या, आवाज थकलेला, पण वाईट नव्हता. ते पुस्तक कपाटावरच्या गठ्ठ्यात आहे, पानं सुटलीत, बाहेर द्यायचं नाही. "आणि मराठी इथं वाचतं कोण?"

"म्हणूनच इकडं पाठवा," मी म्हणाले. मग अक्काची सगळी हकीकत सांगितली. संध्याकाळपर्यंत त्यांनी गठ्ठा सोडून फोटोच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं: झालं ना काम?

मी तो मोठा करून पाहिला. एक मेंढी, तिचं उघडलेलं तोंड. दोन हात, एकानं वरचा जबडा धरलेला, दुसऱ्याचं बोट जिभेखाली. माणूस वाकलेला, पटक्याची कड, हनुवटीचा तुकडा. बाकी तोंड चौकटीच्या बाहेर. डॉक्टरला मेंढीचं तोंड दाखवायचं होतं, माणसाचं नाही.

आता काय करायचं? मी बाईंना लिहिलं, अजून फोटो आहेत का? उत्तर आलं, मला मराठी कळत नाही, पुन्हा पानं उलटायला गेले तर मोडतील. मी म्हणाले, मग पाठवाच, जबाबदारी माझी, लिहून देते. खरोखर लिहून पाठवलं. दोन दिवसांनी पडद्यावर 'पाठवले' आलं.

आणि अक्काला मी काही दाखवलं नाही. पुस्तकात दुसरा फोटो असेल, पूर्ण तोंडाचा असेल, असं स्वतःला समजावलं. ती रोज यायची. "हाय का काय?" मी म्हणायचे, "वाटंत हाय." मोबाईल टेबलावर उलटा ठेवायचे. एकदा ती म्हणाली, "तू माझ्याकडं बघंना झालीस म्याडम. काय झालंय?" मी म्हणाले, "काम लई हाय अक्का." असे दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत मी तो फोटो किती वेळा उघडला, हनुवटीच्या त्या तुकड्यावरून तोंड कसं असेल ते किती वेळा जुळवलं, सांगता येत नाही. शेवटी शेवटी तर तो माणूस माझ्याच नात्यातला वाटायला लागला होता.

पुस्तक तालुक्याला पोचल्याचा निरोप आला, तशी गावात यायची वाट न बघता मी बसनं जाऊन घेऊन आले. येताना बसमध्येच पुडकं सोडलं. सत्तरऐंशी पानं, पिवळी, कडा झिजलेल्या. पुस्तकभर पानांची, मुळ्यांची रेखाटनं. फोटो तेवढाच, एकच.

तिला ग्रंथालयात बसवलं, पुस्तक समोर ठेवून पान उघडलं. तिनं आधी पदराला हात पुसले. मग खूप जवळ जाऊन पाहिलं, मग लांबून. बोट फोटोच्या कडेला, जिथं तोंड असायला हवं होतं तिथं, कोऱ्या कागदावर फिरवलं. माझ्याकडं वळून म्हणाली, "फुडचं कुठं हाय?"

"एवढंच हाय अक्का."

ती परत वाकली. फोटोतल्या डाव्या हाताच्या करंगळीवर बोट ठेवलं. ती करंगळी वाकडी होती, आतल्या बाजूला वळलेली. मोबाईलवर ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "लांडग्यानं चावली व्हती," ती म्हणाली. "त्योच हाय." तिनं स्वतःचा हात त्या हाताशेजारी ठेवला आणि तशीच बसली. रडली नाही. मला वाटलं, आता सगळं नीट झालं, आणि त्या भरात मी बोलून गेले की हा फोटो मला आधीच मोबाईलवर आला होता, तोंड नव्हतं म्हणून दाखवला नाही.

तिनं हात काढून घेतला. "कवा आलता?"

"दहा दिवस झाले."

"धा दिवस माझा बाप खिशात घालून फिरायलीस व्हय तू? आन् मी रोज इचारायले, तर वाटंत हाय म्हणायलीस?" ती उठली. "तोंड न्हाई तर न्हाई. मला ठरवू द्यायचं व्हतंस की. तुला कुणी इचारलं व्हतं?"

चपला हातात घेऊनच ती गेली.

त्यानंतर ती आली नाही. शाळेमागच्या पडीकात मेंढरंही दिसेनात. पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात, परत करायची तारीख जवळ येत चाललेली. माझी चूक मला कळत होती, पण तिच्याकडं जायला पाय उचलत नव्हता. त्या दिवसांत मी ते पुस्तक पहिल्यापासून वाचून काढलं. प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात डॉक्टरनं लिहिलं होतं की या पुस्तकातली निम्म्याहून अधिक माहिती एका मेंढपाळानं दिली. आणि पुढं त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. आमच्या गावाचं.

तारखेला चार दिवस उरले होते. पुस्तक पिशवीत घालून मी वरच्या अंगाला गेले. ती अंगणात एका कोकराच्या खुरातला काटा काढत होती. मला बघून बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी जोत्यावर बसले आणि वाचायला लागले. ते नाव आलं तसे तिचे हात थांबले.

"परत वाच."

परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तेव्हा शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी होती. अक्कानं तिला सांगितलं, "छापलंय. अक्षरं हायती." मग मला पाणी आणून दिलं.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारी मी सगळं पुस्तक तिला वाचून दाखवलं. खुरांना किडे पडले तर काय, पोट फुगलं तर काय. मधेच ती म्हणायची, "हे बराबर." एका ठिकाणी तिनं मला थांबवलं. तोंड आलेल्या मेंढीला लावायच्या पाल्याचं नाव चुकलं होतं. "ह्यो पाला न्हाई. ह्यानं तर मेंढरू मरंल. माझ्या बापानं आसं सांगितलंच नसंल. डागदर साबानं चुकीचं लिव्हलं." ती उठून बांधावरून दुसराच पाला घेऊन आली, माझ्या हातात चुरून वास घ्यायला लावला. मी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चिठ्ठी त्या पानात ठेवली. परत पाठवताना तिकडच्या बाईंना फोन करून सांगितलं की चिठ्ठी काढू नका. त्या म्हणाल्या, "काय लिहिलंय?" मी कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात कन्नडमध्ये लिहून मागे डकवलं म्हणे.

यादीतली नोंद सुधारायचा अर्ज मी केला. मेंदूरोगातून पुस्तक बाहेर आलं, 'वैद्य, पशु' जाऊन डॉक्टरचं खरं नाव आलं. माहिती देणाऱ्याचं नाव टिपणीच्या रकान्यात घाला, हे मात्र दोनदा नामंजूर झालं, तशी पद्धत नाही म्हणून. तिसऱ्यांदा कारण लांबलचक लिहिलं. महिन्यानं नाव चढलं, गाव वेगळंच चढलं, शेजारच्या तालुक्यातलं. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "पुन्यांदा सांग त्येंला." सांगितलंय. अजून काही झालेलं नाही.

मधल्या काळात आमची मराठी पुस्तकं मी एकेक करून पुन्हा नोंदवायला घेतली. नाव, लेखक, विषय, सगळं दोन्ही लिपींत. साठसत्तर झाली असतील तेवढ्यात औरादकडच्या एका ग्रंथालयातून पहिली मागणी आली, विहिरी खणण्यावरचं एक जुनं पुस्तक. आमच्याकडं ते वर्षानुवर्षं कुणी उघडलं नव्हतं. तरी माझ्या हातून सुटेना. पानं मोडतील का, परत येईल का, तिकडं कुणाच्या हातात पडेल. बसनं पाठवायला कागदात गुंडाळलं, सोडलं, दुसऱ्या कागदात गुंडाळलं. बाकावरची मुलगी म्हणाली, "म्याडम, बस यायलीय." मग मी पुडकं छातीशी धरून स्टँडकडं पळाले.