नाका आला की बसू

आमच्या लष्कर शहरात दाना ओलीतल्या पंक्चरवाल्याच्या दुकानावरून जाताना सोल्युशनचा वास आला की मला दतियाचा रस्ता आठवतो. राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा आमची कचेरी मोडली आणि माझी बदली दतियाला झाली. हजर होण्याच्या शेवटच्याच दिवशी सकाळची गाडी चुकली, तर शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "सायकलनं जाऊ, मी येतो ना." चाळीसेक मैल होते. डबऱ्यापर्यंत गप्पा मारत गेलो, पण पुढे समोरून भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुटली, मांड्या दगडासारख्या झाल्या आणि मी सायकल रस्त्याकडेला आडवी टाकली. नोकरी गेली तरी चालेल, म्हणालो. तो म्हणाला, "दोन संस्थानांच्या हद्दीवरचा जुना नाका आला की बसू. निंबाची सावली आहे, माठ आहे. बस, आ ही गया समझ." त्या माठाच्या आशेवर मी पायडल मारत राहिलो. नाका काही येईना, आणि एकदम समोर दतियाचा महाल दिसला. "नाका कुठाय?" मी विचारलं. "तो उठून दोन महिने झाले. तिथलं टेबल, खुर्ची, माठ मीच लष्करला आणून जमा केलं," तो खाली बघत म्हणाला. मी रागानं पायडल मारत त्याच्या पुढे निघून गेलो. पाचाच्या आत सही मात्र झाली. आता इतक्या वर्षांनी, परवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याच मित्राला चालायला सांगितलं, तर चार पावलांतच तो भिंतीला टेकला. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "चल, नाका आला की बसू." तो हसला, आणि चालला.