वीतभर फट

शेजारच्या रोझीबाईंनी गाभण डुकरिणीसाठी खोपटं बांधलं आणि आत भिंतीलगत वीतभर फट सोडून, खालच्या अंगाला आडवा बांबू ठोकला. मी विचारलं, "कपडे वाळत घालायला?"

"होय तर, तिच्या साड्यो," बाई म्हणाल्या. "वो भाऊ, तिचो जीव पिल्लांवर आसा, पण आंग टाकताना खाली कोण आसा, ता तिका कळना नाय. गेल्या खेपेक तीन चिरडली. आता पिल्लां ह्या बांबूमागे सरकतली."

माझं हसू थांबलं. मायेलाही वजन असतं. माझी मुलंसुद्धा अशाच एखाद्या फटीत तगली असणार.

परवा डुकरीण व्याली. काल पिल्लं भिंतीशी झोपलेली असताना ही महाराणी आमच्यादेखत तिथेच बदकन आडवी झाली. बाई वाकून बघू लागल्या. मग बांबूमागून एकेक ओलं नाकाड बाहेर आलं. नऊच्या नऊ. शेवटचं तर जांभई देत आलं.