मार्लिसच्या रायफलीचे पाय

मार्लिस माझी थोरली बहीण. पूर्व माँटानातल्या आमच्या काउंटीत तिनं उभी हयात शाळेची बस चालवली, बर्फात आणि बर्फ वितळल्यावरच्या चिखलातही. बोलणं तुटक, पण नेम असा की बाबांनी आपली रायफल भावांना सोडून तिला दिली. अलीकडे तिचे हात थरथरतात. कॉफीचा कप ती अर्धाच भरते. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही, पण हे आता असंच राहणार.

शिकारीच्या गेल्या मोसमात तिची गोळी एका अँटिलोपच्या, म्हणजे आमच्या माळावरच्या हरणासारख्या जनावराच्या, पोटात लागली. जनावर पळालं. आम्ही दोघी रक्ताचे थेंब शोधत दिवसभर माळ तुडवत होतो. सापडलं तेव्हा ते अजून जिवंत होतं. त्याला संपवून ती घरी आली आणि म्हणाली, "रायफलीला धड टेकू मिळेपर्यंत मी गोळी झाडणार नाही."

टेकू म्हणजे बायपॉड, रायफलीच्या पुढच्या भागाखाली लावायचे घडीचे दोन पाय. एवढीशी वस्तू. पण तिचा नवरा ऑरिन मध्ये पडला.

ऑरिननं इंटरनेटवर सगळ्यात स्वस्त होता तो मागवला. आम्ही खडीच्या खाणीत तो लावून बघितला. मार्लिसनं रायफलीला जरा पुढं रेटलं, तर डावा पाय सरकन आत गेला आणि नळी जमिनीकडे वळली.

"स्क्रू पिळ," ऑरिन म्हणाला.

"पिळलाय."

"अजून पिळ. लोकांनी पाच-पाच तारे दिलेत याला."

"त्या लोकांनी तो खोक्यातून बाहेर काढला होता का, ते विचार."

मग ती स्वतः शहरातल्या दुकानात गेली. काउंटरमागच्या दाढीवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की पालथं पडून नेम धरण्याइतकं स्थिर काही नाही, आणि त्यासाठी आखूड पायांचाच घ्यावा. वस्तू भक्कम होती, म्हणून घेतली. टेकडीवर नेऊन ती पालथी पडली ती थेट निवडुंगावर. पोटात आणि मांड्यांत रुतलेले काटे बसूनच उपटायला लागणार होते, आणि नेमकं वाकून बसता येत नव्हतं. शिवाय रायफलीवरच्या दुर्बिणीतून काय दिसलं? सेजच्या झुडपांची बुडं.

"मान वाकडी करून बघ ना," ऑरिन म्हणाला.

"ऑरिन, तू पिकअपमध्ये जाऊन बस."

पुढच्या आठवड्यात त्यानं शेडमध्ये पाइप जोडून स्वतःच एक बनवला. तो लावल्यावर रायफल मला उचलवेना. मार्लिसनं तो शांतपणे काढून त्याच्या हातात दिला. "गुरांच्या फाटकाला लाव," म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी मागोमाग गेले. ती स्वयंपाकघरात उभी होती, हात ओट्यावर घट्ट दाबून.

"जो तो मला शिकवतोय," ती म्हणाली. "मी कुठं बसते, मला काय दिसतं, हे एकानं तरी विचारलं का गं?"

दुसऱ्या दिवशी रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, घरी काढून ठेवून ती रायफल घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेली. मीही होते. ती दुकानातल्या मधल्या वाटेतच फरशीवर बसली, टाचा रोवल्या, कोपरं गुडघ्यांवर टेकवली.

"मॅडम, इथून लोक ये-जा करतात," दाढीवाला म्हणाला.

"करू देत. तुझ्याकडचे लांब पायांचे सगळे आण."

त्यानं सगळ्यात महागडा आधी आणला. तिची मान अवघडली, तो परत दिला. दुसऱ्याचे पाय नुसत्या घर्षणावर थांबत होते, तोही परत. तिसऱ्याच्या पायांना खाचा होत्या. पाय खटकन बसत, आणि थरथरत्या बोटांनीही कळ दाबता येई. एक पाय लांब, एक आखूड करून तिनं उताराचा अंदाज घेतला. रायफल डावी-उजवीकडे जरा कलती करता येत होती. रंग वाळूचा, कुणी घेत नव्हतं, म्हणून किंमत उतरवलेली. गिऱ्हाईकं तिला वळसा घालून जात होती. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, मग म्हणाली, "हाच."

मोसमाच्या पहिल्या सकाळी ऑरिन सोबत आलाच. उतारावर ती बसली, समोर अँटिलोपचा नर चरत होता. ती श्वास सोडून बोट चापावर नेणार, तेवढ्यात ऑरिन कानाशी कुजबुजला, "खाच नीट बसलीय का बघ." नरानं मान वर केली आणि कळपासकट धूळ उडवत गेला.

मार्लिसनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो आपणहून पिकअपकडे चालू लागला.

आम्ही दोघी ओढ्याच्या वळणानं खाली गेलो. तिथं एक मादी आडवी उभी होती, पिल्लू नव्हतं बरोबर. मार्लिस बसली, बायपॉडचे पाय लावले. तिची मनगटं थरथरत होती, मला दिसत होतं. नळी मात्र हलत नव्हती. गोळी सुटली आणि मादी जागीच बसल्यासारखी खाली गेली.

मार्लिसनं बोल्ट मागं ओढला आणि मग कितीतरी वेळ उठली नाही.

"सापडली ना गं?" तिनं विचारलं, मादी समोर दिसत असूनही.

"जागेवर आहे," मी म्हणाले. "एक पाऊलही गेली नाही."

तिनं डोळे पुसले. ऊन चढत होतं, आणि मांस उन्हात ठेवून चालत नाही. आम्ही सुऱ्या काढल्या.